लोडबेअरिंग घराचं विटकाम कोडप्रमाणे होतंय का, प्लास्टरच्या आधी कसं तपासायचं

तुम्ही विचारलंय की पाटण तालुक्यात गावी तळमजला अधिक एक मजला असं घर बांधताय, कॉलम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकणार आहे, वरच्या मजल्यावर पावसामुळे पत्र्याचं छप्पर घेणार आहात, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं आयएस कोडप्रमाणे (म्हणजे भारतीय मानकांप्रमाणे) करतोय. तुम्ही पुण्याहून फक्त रविवारी जाऊ शकता, तर नेमकं काय बघायचं. मी स्ट्रक्चरचं आणि क्वालिटी तपासणीचं काम बरीच वर्षं करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी मुख्य गोष्ट. विटकाम तपासायची वेळ प्लास्टरच्या आधीची असते आणि तीसुद्धा एकदम शेवटी जाऊन नाही, टप्प्याटप्प्याने. लिंटेल लेव्हलला म्हणजे दार-खिडकीच्या माथ्यापर्यंत पोचल्यावर गेलात तर खालच्या थरात हेडर (भिंतीच्या जाडीत आरपार गेलेल्या विटा) टाकलेत का हे बाहेरून काही अंशी दिसेल, पण कोपऱ्यातला उभा बार फाउंडेशनपासून आलाय का वरून नुसता खोचलाय हे दिसणार नाही, आणि प्लास्टर झाल्यावर तर काहीच दिसत नाही, मग तपासणी म्हणजे नुसता कागद उरतो. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला आत्ताच लेखी सांगा की विटांचा पहिला लॉट आल्यावर, पहिले तीन-चार थर झाल्यावर, खिडकीच्या सिल लेव्हलला, लिंटेल बँडचं (दार-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याचं) स्टील बांधल्यावर आणि प्लास्टरच्या आधी असं पाच वेळा काम थांबेल, तुम्ही किंवा तुमचा इंजिनियर बघून सही करेल आणि मगच पुढे. चांगला कॉन्ट्रॅक्टर याला नाही म्हणत नाही, त्यालाही पुढची कटकट नको असते.

आता "कोडप्रमाणे" म्हणजे कुठल्या कोडप्रमाणे हे त्याला विचारा. विटांचा कोड आयएस 1077, विटकाम कसं करायचं त्याचा आयएस 2212, मालाचा म्हणजे मॉर्टरचा आयएस 2250, लोडबेअरिंग भिंतीच्या डिझाइनचा आयएस 1905, आणि भूकंपाच्या दृष्टीने आयएस 4326. बहुतेक वेळा "कोडप्रमाणे" म्हणणाऱ्याच्या डोक्यात पहिले दोनच असतात, ओळंबा आणि सांधे सरळ आले की झालं असं त्याला मनापासून वाटतं. तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे तो 4326 आणि नेमका तोच गावाकडच्या कामात कोणी उघडून बघत नाही. आणखी एक, आयएस कोड आपोआप लागू होतो असं धरून चालू नका, तुमच्या करारात कोडचा नंबर लिहिलेला असेल तर भांडायला जागा राहते, म्हणून हे पाचही नंबर करारात घाला. बीआयएस म्हणजे हे कोड काढणाऱ्या मानक ब्युरोच्या साइटवरून कोड फुकट डाउनलोड करता येतात, 4326 मधली चित्रं तर इंजिनियर नसलेल्या माणसालाही कळतील अशी आहेत.

4326 वर मी एवढा जोर देतोय कारण तुमचा तालुका कोयनेचा आहे. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला त्यात दीडशेच्या वर माणसं गेली, आणि त्या भागात लहानमोठे धक्के अजूनही चालूच असतात हे तुम्हाला गावात कोणीही सांगेल. आयएस 1893 हा भूकंपाच्या झोनचा कोड, त्याच्या 2016 च्या नकाशात तो भाग झोन 4 मध्ये येतो, पुणे-मुंबई झोन 3 मध्ये. साध्या राहत्या घरासाठी झोन 3 म्हणजे 4326 मधली कॅटेगरी सी आणि झोन 4 म्हणजे कॅटेगरी डी. म्हणजे पुण्यातल्या इंजिनियरने पुण्याच्या सवयीने ड्रॉइंग काढून दिलं असेल तर ते तुमच्या गावी कमी पडेल, हे पहिल्यांदा तपासा. आणि आमच्याकडे कधी मोठं काही झालं नाही यावर कोणी विसंबायचं कारण नाही, किल्लारीचा भाग 1993 च्या आधी नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता आणि 30 सप्टेंबरला पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या.

तर तपासणी सुरू होते ड्रॉइंगपासून, भिंतीपासून नाही. खिडक्या-दारं कुठे आहेत ते टेपने मोजा. कॅटेगरी डी मध्ये खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून पहिलं ओपनिंग कमीत कमी 450 मिमी लांब पाहिजे. दोन ओपनिंगमधला विटांचा पिलर कमीत कमी 560 मिमी. आणि दोन मजली घरात एका भिंतीतल्या सगळ्या ओपनिंगची रुंदी मिळून त्या भिंतीच्या लांबीच्या 0.42 पटीपेक्षा जास्त नको. समजा आडव्या भिंतींच्या मधली भिंत 5 मीटर आहे तर 2.1 मीटर एवढंच ओपनिंग चालतं, एक मीटरचं दार आणि 1.2 मीटरची खिडकी घेतली की 2.2 होऊन गेलं जास्त. हॉलला मोठी खिडकी, शेजारी फ्रेंच दार, कोपऱ्यात हवा खेळावी म्हणून अजून एक खिडकी, ही आवड सगळ्यांना असते आणि कॉलमच्या घरात ती परवडते, पण तुमच्या घरात भूकंपाचा आडवा धक्का घेणारं दुसरं काही नाहीये, जेवढी भिंत शिल्लक तेवढीच ताकद. हे कागदावर असतानाच बदला, एक खिडकी फूटभर सरकवायला तेव्हा काही खर्च नाही. आणि अगदीच बदलता येत नसेल तर कोड मार्ग देतो, त्या ओपनिंगच्या दोन्ही बाजूंना उभे बार वाढवून कडा मजबूत करायच्या, पण ते डिझाइन करून घ्या, गवंड्याच्या अंदाजाने नको.

विटा. तुमच्याकडे कृष्णा-कोयनेच्या काठच्या गाळाच्या मातीच्या विटा येतील, भट्टीनुसार आणि एकाच भट्टीतसुद्धा जागेनुसार त्यात खूप फरक असतो, मधल्या विटा छान भाजलेल्या आणि कडेच्या पिवळट कच्च्या. ट्रक उतरताना कोणीतरी उभं पाहिजे. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा पडला तर ती वीट बाजूला. एक वीट फोडून आतला रंग बघा, मधे काळपट-राखाडी न भाजलेला गाभा आहे का, चुनखडीचे पांढरे खडे आहेत का, हे खडे पुढे ओल लागली की फुगतात आणि प्लास्टर फोडून बाहेर येतात. ह्या सगळ्या साइटवरच्या चाचण्या आहेत, कोडची चाचणी नाही, पण वाईट ट्रक परत पाठवायला पुरतात.

कोडला काय पाहिजे ते सांगतो. आयएस 1077 प्रमाणे सगळ्यात खालचा क्लास 3.5, म्हणजे सरासरी 3.5 न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि 4326 पण याच्या खाली जाऊ देत नाही, मजले आणि भिंतीची जाडी बघून जास्तही लागू शकते. पाणी शोषणं 24 तास गार पाण्यात ठेवल्यावर वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत. हे घरीही अंदाजे बघता येतं, चांगल्या उन्हात वाळवलेली वीट काट्यावर 3 किलो भरली आणि रात्रंदिवस बुडवून पुसून 3.6 च्या वर गेली तर ती वीट नको. लॅबमध्ये ओव्हनमध्ये वाळवून करतात म्हणून घरचा आकडा थोडा वेगळा येईल, पण 3.8 वगैरे आलं तर वीट नापास, यात शंका ठेवायचं कारण नाही. लोणा लागतो का हेही बघा, विटेचं टोक इंचभर पाण्यात उभं करून पाणी आटू द्या, परत पाणी भरा, परत आटू द्या, पांढरा थर किती भागावर येतो ते दिसेल, अर्ध्यापेक्षा जास्त भाग पांढरा झाला किंवा पापुद्रे निघायला लागले तर ती वीट कोडमध्ये बसत नाही.

लॅबच्या रिपोर्टबद्दल जरा थांबून सांगतो, कारण लोक रिपोर्ट फाइलला लावतात आणि वाचत नाहीत. एक तर सॅम्पल तुम्ही स्वतः निवडा, ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूंनी, त्यावर मार्करने तारीख आणि सही करा, भट्टीवाल्याने निवडून दिलेल्या पाच विटा नेहमीच पास होतात. दुसरं, रिपोर्टमध्ये किती लोडला वीट फुटली ते असतं, ते विटेच्या क्षेत्रफळाने भागून बघा. 225 बाय 100 मिमीची गावठी वीट म्हणजे 22500 चौरस मिमी, 3.5 साठी साधारण 79 किलोन्यूटन लोड यायला पाहिजे. रिपोर्टमध्ये 60 लिहिलंय आणि खाली "समाधानकारक" असा शिक्का असेल तर ते 2.67 होतं, म्हणजे नापास, शिक्का काहीही म्हणू दे. तिसरं, रिपोर्टची तारीख आणि तुमच्या साइटवर आलेल्या लॉटची तारीख जुळते का. गेल्या वर्षीचा दुसऱ्या साइटचा रिपोर्ट झेरॉक्स करून देणं हे इतकं कॉमन आहे की मी तारीख आधी बघतो आणि आकडे नंतर.

मालाचं प्रमाण कॅटेगरी डी ला 1:4 सिमेंट-वाळू, किंवा चुना घालत असाल तर 1:1:6. गवंडी सवयीने 1:6 करतात, तो झोन 3 मध्ये चालतो, तुमच्याकडे नाही, हे मुकादमाला स्वतः सांगा. प्रमाण घमेल्याने मोजू देऊ नका कारण शिगोशीग भरलेलं घमेलं आणि सपाट घमेलं यात फार फरक पडतो. 40 बाय 35 बाय 25 सेंटिमीटरचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्या, तो 35 लिटरचा होतो म्हणजे सिमेंटच्या एका गोणीएवढा, एक गोणी आणि चार फर्मे वाळू, संपला हिशोब. वाळू ओली असेल तर ती फुगते, त्याचा वाढावा इंजिनियरकडून काढून घ्या. आता सगळीकडे क्रश सँड असते, तिच्यात दगडाची भुकटी किती आहे बघा, पाण्याच्या बाटलीत वाळू हलवून ठेवली की वर बसलेला गाळ दिसतो, जाड थर बसला तर धुतलेली वाळू मागवा. कालवलेला माल शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात संपला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीआधी कालवून ठेवलेला आणि नंतर पाणी मारून परत मऊ केलेला माल दिसला तर तो फेकायला लावा, यात अजिबात संकोच करू नका, त्या मालात जोर उरलेला नसतो.

विटा लावायच्या आधी बुडवल्या पाहिजेत, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. वरून पाइपने पाणी मारून फक्त कातडी ओली होते आणि कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, मग सांधा पावडरसारखा राहतो. पण हे भाजलेल्या विटांसाठी, कोणी सिपोरेक्सचे म्हणजे एएसी ब्लॉक वापरत असेल तर ते बुडवायचे नसतात, नुसता पृष्ठभाग ओलावायचा.

आता पहिले तीन-चार थर झाल्यावरची भेट, माझ्या मते सगळ्यात कामाची. इथे बॉण्ड बघायचा. नऊ इंची भिंतीत इंग्लिश बॉण्ड म्हणजे एक थर स्ट्रेचरचा आणि एक थर हेडरचा, स्ट्रेचर म्हणजे भिंतीच्या लांबीत लावलेली वीट, हेडर म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीत आडवी गेलेली वीट, तीच दोन्ही बाजूंना बांधून ठेवते. वेळ वाचवायला काय करतात, दोन्ही बाजूंनी चार-चार इंची भिंत उभी करायची, मधे तुकडे आणि माल टाकायचा, आणि बाहेरून हेडर दिसावा म्हणून अद्धे लावायचे. बाहेरून फोटो काढला तर अगदी बरोबर दिसतं. म्हणून वरून बघा, थर उघडा असतानाच, हेडरच्या थरात वीट अख्खी आरपार गेलेली दिसली पाहिजे. अद्धा किंवा तुकडा फक्त बॉण्ड जुळवायला, कोपऱ्यात किंवा चौकटीला. अशी दोन कातड्यांची भिंत स्लॅबचं वजन बरीच वर्षं घेतेसुद्धा, म्हणून लोकांना वाटतं काय बिघडलं, पण धक्क्यात बाहेरची कातडी वेगळी होऊन पडते, किल्लारीला दगडाच्या भिंतीत आरपार दगड नव्हते तिथे अगदी हेच झालं. तुमचा पाया किंवा जोतं डबरात असेल तर तिथेही हा नियम आहे, आरपार दगड उंचीत प्रत्येक 600 मिमीला आणि लांबीत 1.2 मीटरच्या आत.

फ्रॉग म्हणजे विटेचा छाप वर पाहिजे, त्यात माल भरला जातो. आडवा सांधा 10 मिमी आणि त्यात पाचव्या हिश्श्याएवढाच फरक कोड चालवून घेतो, म्हणजे 8 ते 12. एकेक सांधा मोजत बसू नका, दहा थर मोजा, 75 मिमीची वीट असेल तर दहा थर आणि सांधे मिळून 850 मिमीच्या आसपास यायला पाहिजेत, 900 आले तर सांधे 15 मिमीचे झालेत, म्हणजे विटा वाकड्या आहेत किंवा गवंडी मालाने लेव्हल भरतोय. उभे सांधे जास्त बघा, तिथे सगळ्यात जास्त चोरी होते, कडेला थापीने माल लावून मधलं पोकळ ठेवतात. संध्याकाळी एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा, किंवा बारीक तार घालून बघा, आरपार गेली तर पोकळ. ताज्या थरातली एक वीट उचलायला सांगा, तिच्या तळाला सगळीकडे माल चिकटलेला पाहिजे, कडेला दोन पट्टे आणि मधे कोरं असेल तर तसाच अख्खा दिवसभराचा थर झालेला आहे असं समजा.

ओळंबा सोपा आहे. एका मजल्यात 3 मीटर उंचीला 6 मिमीपेक्षा जास्त कलंडलेली नको, आणि दोन मजले मिळून पूर्ण उंचीत 12.5 मिमी. वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर पाहिजे, तिथेही 12.5 मिमीचीच सूट आहे, हे वरचं काम सुरू होताना स्लॅबवर खूण करून घ्या नाहीतर नंतर कोणी मोजत नाही. थराची लेव्हल 12 मीटरपर्यंत 6 मिमी, पारदर्शक पाण्याची नळी घेऊन कोणीही तपासू शकतो.

दिवसाला भिंत किती उचलायची, मी साधारण सव्वा-दीड मीटरच्या वर जाऊ देत नाही, आणि एक भाग शेजारच्या भागापेक्षा मीटरभराहून वर गेला नाही पाहिजे, थांबवायचं तर पायऱ्या पायऱ्यांनी 45 अंशात थांबवायचं. कोपऱ्याबद्दल 4326 स्पष्ट आहे, कोपरे आधी 600 मिमीपर्यंत पायऱ्यांनी उचला आणि मग मधली भिंत भरा. नंतर जोडू म्हणून सरळ उभी कड सोडून दिली आणि महिन्याने आतली भिंत नुसती चिकटवली असं दिसलं तर ते थांबवाच, दोन भिंती एकमेकींना धरून उभ्या राहणं हेच लोडबेअरिंग घराचं सगळं गणित आहे. नंतर जोडायला दाते म्हणजे बाहेर आलेल्या विटा सोडायच्याच असतील तर दोन्ही भिंतीत आळीपाळीने, 450 मिमीच्या टप्प्यांनी.

उभं स्टील. कॅटेगरी डी मध्ये दोन मजली घराला प्रत्येक कोपऱ्यात आणि भिंतींच्या जोडावर तळमजल्याला 12 मिमीचा एक बार, वरच्या मजल्याला 10 मिमीचा. तो फाउंडेशनच्या काँक्रीटमधून निघून सगळ्या बँडमधून वर छपरापर्यंत गेला पाहिजे. त्याच्याभोवती विटा अशा लावायच्या की खाच राहील आणि ती दर काही थरांनी काँक्रीटने भरत जायची. भिंत पूर्ण झाल्यावर वरून एकदम ओतायचं म्हटलं तर खाली पोकळी राहते. पाया भरताना तुम्ही हजर नव्हतात असं लिहिलंय, तर जोत्यावर प्रत्येक कोपऱ्यात बार बाहेर आलेला दिसतो का ते ह्याच रविवारी मोजून घ्या. एखाद्या ठिकाणी नसेल तर आत्ता ड्रिल करून केमिकल अँकरने बसवता येईल, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लांबी आणि जागा लिहून घ्या.

लिंटेल बँड हा माझ्या दृष्टीने सगळ्या तपासणीचा गाभा आहे. लिंटेल आणि लिंटेल बँड वेगळे, लिंटेल फक्त खिडकीवर असतो, बँड सगळ्या भिंतींवरून, आतल्या आडव्या भिंतींसकट, घराभोवती सलग फिरतो. पिंपाला लोखंडी कडी असते तसं घर आवळून धरायचं काम तो करतो. भिंतीची लांबी 5 मीटरपर्यंत असेल तर कॅटेगरी डी ला दोन 8 मिमीचे बार, 6 मीटरला दोन 10 चे, 7 मीटरला दोन 12 चे, दोन बार असतील तर बँडची जाडी कमीत कमी 75 मिमी, चार बार असतील तर 150, आणि 6 मिमीच्या रिंगा 150 मिमीवर. स्टील कमी टाकल्याचं मला फारसं सापडत नाही, सापडतं ते हे की कोपऱ्यात बार नुसते येऊन थांबलेत. एका भिंतीचा बार वळून दुसऱ्या भिंतीत पुरेसा ओव्हरलॅप होऊन गेला पाहिजे, टी जोडावर आतल्या भिंतीचे बार बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या बारापर्यंत जाऊन वळले पाहिजेत. दुसरं म्हणजे जिन्याजवळ, मोठ्या खिडकीपाशी किंवा पाइपसाठी बँड तोडलेला असतो. तुटला की तो बँड राहत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि काँक्रीटच्या आधी अख्ख्या घराभोवती एकदा वरून चालत फिरा, प्रत्येक कोपऱ्याचा टेप लावून फोटो काढा.

पहिल्या मजल्याचा स्लॅब भिंतींवर टेकतो तिथे स्लॅब स्वतःच रूफ बँडचं काम करतो. पण वर तुम्ही पत्र्याचं छप्पर घेताय, म्हणजे वरच्या भिंतींच्या डोक्यावर धरून ठेवणारं काहीच नाही. तिथे छपराच्या लेव्हलला बँड लागतो, आणि दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर त्यांच्या उताराने जाणारा वेगळा बँड लागतो, ट्रस म्हणजे पत्र्याखालचा सांगाडा त्या बँडमध्ये बोल्टने पकडायचा. तुमच्या ड्रॉइंगमध्ये हे असेल का याची मला दाट शंका आहे, कारण पत्रा हलका म्हणून लोक वरचा बँड गाळतात. आधी ते बघा. जमीन मऊ असेल तर प्लिंथ बँडही (जोत्याच्या लेव्हलचा) लागतो, नदीकाठची गाळाची जमीन असेल तर तो धराच.

इलेक्ट्रिकच्या खाचा हा सगळं चांगलं झाल्यावर भिंत बिघडवणारा प्रकार. लोडबेअरिंग भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशपर्यंत चालते आणि आडवी एक षष्ठांश, म्हणजे 230 च्या भिंतीत आडवी जेमतेम 38 मिमी. इलेक्ट्रिशियन कटर घेऊन स्विचबोर्डापासून बोर्डापर्यंत आडवी खोल खाच पाडतो ती थांबवा, पाइप वरून स्लॅबमधून आणून सरळ खाली उतरवायला सांगा. ओपनिंगच्या शेजारच्या अरुंद पिलरमध्ये खाच नकोच. परांचीची भोकंही अरुंद पिलरमध्ये नकोत, आणि प्लास्टरच्या आधी ती अख्खी वीट आणि मालाने भरलेली पाहिजेत, कागद-तुकडे कोंबून वरून प्लास्टर मारलेलं नाही ना बघा.

पाणी कमीत कमी सात दिवस. तुम्ही रविवारीच जाता म्हणून प्रत्येक भिंतीवर खडूने बांधल्याची तारीख लिहायला लावा, मग कुठल्या भिंतीला किती दिवस पाणी मिळायला हवं हे कोणालाही कळतं. पाटणकडे मे संपला की काम पावसात सापडतं, संध्याकाळी भिंतीचा माथा प्लॅस्टिकने झाका, नाहीतर ताज्या सांध्यातलं सिमेंट धुऊन जातं.

जे लोक कॉलमच्या घरासाठी किंवा फ्लॅटसाठी हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे भिंत वजन घेत नाही, त्यामुळे वरचे ओपनिंगचे नियम तसेच लागत नाहीत, पण चार इंची भिंतीत मीटर-सव्वा मीटरवर पाटली (काँक्रीटचा आडवा पट्टा) आहे का, कॉलमशी भिंत बांधलीय का, बीमखालची शेवटची फट भिंत बसल्यावर काही दिवसांनी भरलीय का लगेच, आणि आरसीसी-विटांच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी ठोकलीय का एवढं बघा. तिथल्या बहुतेक भेगा या चारांतूनच येतात.

चूक सापडली तर काय. त्याच दिवशीची भिंत असेल, ओळंबा गेलाय, हेडर नाहीत, तर माल ओला असतानाच उतरवा, विटा परत वापरता येतात, नुकसान मालाचंच. उभे सांधे पोकळ असतील तर खोल उकरून परत भरता येतात पण दोन्ही बाजूंनी. दोन कातड्यांची भिंत लिंटेलपर्यंत गेली असेल तर मी ती पाडायलाच सांगतो, वरून ग्राउट ओतून दुरुस्त करू म्हणतात त्याला मान देऊ नका. बँडचं काँक्रीट झालंय आणि कोपऱ्यात ओव्हरलॅप नाही असं कळलं तर तेवढा कोपरा फोडून बार जोडून परत भरता येतो, कष्टाचं आहे पण होतं. आणि प्रत्येक गोष्ट साइट रजिस्टरमध्ये लिहा, तारीख, जागा, काय मोजलं, किती आलं, किती पाहिजे होतं, कॉन्ट्रॅक्टरची सही. तोंडी बोलण्याने संबंध बिघडतात, आकडा लिहिला की फक्त आकड्यावर बोलणं होतं.

ह्या रविवारी जाताना टेप, ओळंबा, पाण्याची नळी, टॉर्च आणि ड्रॉइंगची मोठी प्रिंट न्या. आधी जोत्यावरचे कोपऱ्यातले बार मोजा, मग ड्रॉइंगवर प्रत्येक ओपनिंगचं कोपऱ्यापासूनचं अंतर लिहा, 450 च्या खाली जे असेल त्याला लाल गोल करा, आणि वरच्या मजल्याच्या छपराच्या लेव्हलला बँड दाखवलाय का ते शोधा. हे तीन निकाल इथे लिहा, बरोबर भिंतींच्या लांब्या पण द्या, म्हणजे बँडच्या बारांचा हिशोब मी भिंतीनुसार सांगतो.